अडलं तिथं पांढरं

आमच्याकडे एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही. फोटो म्हणतात. पायाचा फोटो, छातीचा फोटो, 'डॉक्टरनं फोटो काढाया सांगितलाय'. माझ्या आजारपणातला सगळ्यात मोठा घोळ या एका शब्दानं घातला, म्हणून आधी तो सांगून ठेवते.

मी अंगणवाडीत काम करते. खाऊ वाटून झाला, पोरं घरी गेली, की कधीतरी एखादी बाई मागं रेंगाळते. इकडंतिकडं बघते आणि हळूच विचारते, "ताई, तुमच्या पण फोटोत डाग निघाला व्हता ना?"

निघाला होता. मला टीबी झाला होता, नव्वदचं दशक सरता सरता. तेव्हा चोरासारखा लपवला, तेवढं पुरे झालं. दर वेळी एकेकीला अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढावं असं मनात आलं. औषधाचं डॉक्टर सांगतील. डॉक्टर जे सांगत नाहीत, तेवढंच मी लिहिते.

खोकला

लग्न होऊन मी शिरूरला आले. आमचे हे शिक्रापूरकडच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि नुकती पाऊल टाकायला लागलेली आमची लेक सोनू. सासूला आमच्यात आत्या म्हणतात, तशी मीही आत्याच म्हणायची. आत्या मला म्हणायच्या इमल. माझं नाव विमल, पण त्यांच्या जिभेला 'वि' कधी जमलाच नाही.

खोकला कधी लागला ते आठवत नाही. धुळीचा असेल, थंड पाण्याचा असेल, असं म्हणत म्हणत आम्ही आल्याचे काढे प्यायलो. संध्याकाळी अंग कणकणायचं. ब्लाऊज ढगळ व्हायला लागले तेव्हा मी सरळ टाके घालून ते आत घेतले आणि वर बायकांना सांगितलं, बाळंतपणाचं अंग उतरतंय. माणूस स्वतःला फसवायला लागला की फार हुशार होतो.

सोनूची एक खोड होती. झोपताना तिला माझी वेणी लागायची. माझे केस तेव्हा कमरेच्या खाली, हाताच्या मनगटाएवढी जाड वेणी. ती पुढं घ्यायची, शेपटा तिच्या मुठीत द्यायचा, की अंगाई बिंगाई काही नको. मूठ घट्ट आणि डोळे बंद. आत्या चिडवायच्या, "पोरगीला आई नसली तरी चालंल, येणी तेवढी ठिवून जा."

माहेरच्या जत्रेला खुटबावला गेले होते. सकाळी अंगणात चूळ भरताना ठसका लागला, आणि पदर तोंडावर धरला तो लाल झाला. समोर आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरांना पाला टाकत होते. आमचे पूर्वी मोठे कळप, घाटापासून खाली कोकणापर्यंत फिरायचे. आबांच्या हयातीत जमिनीवर स्थिरावलो, तरी दारात पाच-दहा मेंढरं असायचीच. आबांनी पदराकडं पाहिलं. हातातला पाला खाली ठेवला. माझ्या कडेवरून सोनूला उचललं, चुलीपाशी बसलेल्या आईच्या मांडीवर नेऊन ठेवलं आणि मला म्हणाले, "चल."

मी तांब्या तिथंच ठेवून त्यांच्या मागं निघाले.

कुपाटी

दौंडला एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला फोटोची खोली होती. ती शेखमामा सांभाळायचे. पांढरी दाढी, बोलणं मऊ, खिशात बडीशेपेची डबी. दौंडमध्येच जन्म गेलेला माणूस.

"मंगळसूत्र काढून आबांकडं दे, बेटा. छाती ह्या पाटीला लाव. हनुवटी वर. खांदे पुढं घे. घाबरू नको, काय टोचत नाही, काय चावत नाही. आता मोठा श्वास घे… धर… हलू नको…"

मागं कुठंतरी खट् असा आवाज झाला.

"सोड."

एवढंच. मला वाटलं अजून व्हायचंय. केसांचं त्यांनी त्या दिवशी काही सांगितलं नाही, कारण तापानं हैराण होऊन मी ते डोक्यावर आंबाडा करून बांधलेच होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

शेखमामा अंधाऱ्या खोलीत गेले आणि ओली, निथळती फिल्म चिमट्याला धरून बाहेर आले. उजेडाच्या पेटीवर ती लावली. माझ्याच बरगड्या, पण मला ओळख पटेना. आबा मात्र जवळ गेले. त्यांना कुठल्याही यंत्राचं भय नव्हतं, नुसतं कुतूहल.

"ओ मामा, कातडं न फाडता आतलं कसं काय दिसतं ह्याला?"

शेखमामांनी आबांच्या खांद्यावरचं घोंगडं पाहिलं. "मेंढरं हायेत का तुमची?"

"हायेत थोडी."

"मग सोपं हाय. समजा, मी हिकडनं कळप सोडला. मधी बाभळीची कुपाटी, काट्यांचं कुंपण. जिथं विरळ, तिथनं मेंढरं भरारा पार जाणार. जिथं दाट, तिथं अडणार. ह्या मशीनमधनं किरण निघतात, त्यांचं तसंच. फुफ्फुस म्हंजी हवा, तिथनं पार. हाड दाट, तिथं अडले. जे पार होऊन फिल्मवर पोचले, त्यांनी फिल्म काळी केली. जे पोचलेच नाहीत, तिथं पांढरी राहिली. हा फोटो म्हंजी दुसरं काय नाही. कोण पार झालं आन् कोण अडलं, त्याची खूण."

आबा विचार करत होते. "आन् जी कुपाटीला धडकून भलतीकडंच पळत्यात?"

शेखमामा हसले. "आबा, हा प्रश्न आमच्या मास्तरला सुचला नव्हता पहिल्या दिवशी! असतात, तशी पण असतात. तिरपी पळून फिल्मवर नको तिथं पोचतात आन् सगळा फोटो धुरकट करतात. माणूस जाड असला की जास्त पळतात. मग मधी एक जाळी बसवायची, सरळ येईल त्यालाच वाट, तिरप्याला नाही. तुमची पोरगी तर काडी झालीय. तिला जाळी कशाला?"

"आन् अडलेली?"

"ती अंगातच जिरतात. म्हणून तर उठसूट फोटो काढू नये माणसानं."

आबांनी मान डोलावली. मग त्यांचं बोट फिल्मच्या जवळ गेलं, पण टेकलं नाही. उजव्या बाजूला, खांद्याच्या हाडाखाली, जिथं काळं हवं तिथं पिंजलेल्या लोकरीसारखं पांढरं होतं.

"हितं अडल्यात," आबा म्हणाले.

शेखमामांनी बडीशेपेची डबी माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई सांगतील."

डॉक्टरीणबाईंनी पुढं जे सांगितलं, त्यातला 'टीबी' एवढाच शब्द मला ऐकू आला. पहिला विचार मरणाचा नव्हता. सोनू अजून अंगावर पीत होती, हा होता.

लाल-नारिंगी

रक्त पडत होतं म्हणून काही दिवस तिथंच ठेवून घेतलं. पहाटे झाडूवाली खाटेच्या पायाला झाडू आपटत यायची, तोच आमचा गजर. मग थर्मामीटर, मग चहा, मग तळहातावर मूठभर गोळ्या. सिस्टरबाई समोर उभ्या राहून गिळायला लावायच्या आणि 'आ' करून दाखवायला सांगायच्या. लहान पोरांना मी आता तसंच करायला लावते, जंताच्या गोळ्या देताना.

दुसऱ्याच दिवशी लघवीला गेले आणि किंचाळत बाहेर आले. लाल! मला वाटलं, आता खालूनही रक्त सुरू झालं, संपलं सगळं. सिस्टरबाई हसून हसून खाली बसल्या. "अगं, गोळीचा रंग आहे तो! सांगायचं राहिलं बघ." शेजारच्या खाटेवरची केडगावची म्हातारी म्हणाली, "माझी बी तशीच व्हती. मी तर घरच्यांना निरोप धाडला व्हता, की या, म्हातारी चालली." आम्ही दोघी खोकत खोकत हसलो. आजार कळल्यापासून मी पहिल्यांदा हसले ते त्या वेळी. नव्यानं गोळ्या सुरू झालेल्या प्रत्येकीला मी ही गोष्ट आधी सांगते.

दूध आटवायला लागलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. छाती दगडासारखी व्हायची आणि बाहेर कुणाचंही पोर रडलं की पदर ओला व्हायचा. त्या वेळी म्हातारी आपल्या खाटेवरून उठून माझ्याजवळ येऊन बसायची. पाठीवर हात ठेवायची, मला झोप लागेपर्यंत.

आबांचा कायदा

सोडताना डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, काही आठवड्यांनी बेडका तपासू, त्यात जंतू दिसले नाहीत की पोरगीला जवळ घेतलं तरी चालेल. सोनूची तपासणीही करून घेतली, ती ठणठणीत होती.

बेडका चांगला आला. आमचे हे मोठ्या खुशीत सोनूला आणायला खुटबावला गेले. आबांनी चहा दिला, जेवायला घातलं आणि पोरगी काही दिली नाही.

"फोटो साफ झाला का?"

"आबा, डॉक्टर म्हणाल्यात बेडका साफ हाय."

"थुकीचं मला सांगू नगा. त्या जागी पांढरं हाय का काळं झालं? काळं झालं की मी स्वतः कडंवर घिऊन येतो." आणि मग म्हणाले, "कळपात मेंढी खोकाया लागली की तिला भाईर बांधायची आन् कोकरू दुसरीला लावायचं. लई ओरडत्यात दोघं बी. पर कोकरू वाचतं."

हे परत आले ते धुमसतच. "माझी पोर माझ्या घरी न्यायला मला कुणाची परवानगी?" त्या दिवशी त्यांनी कंपनीतला सगळा राग, शेजाऱ्यांचा राग, माझ्या आजाराचा राग, सगळा आबांवर काढला. कंपनीत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे साखर उसनी मागायला येणाऱ्या शेजारणी येईनाशा झाल्या होत्या. हे कळत होतं, पण बोलायचं कुणी? मी ना इकडची ना तिकडची. डॉक्टरांचं बरोबर आहे हे मला समजत होतं, पण आबांचं ऐकलं की भीती वाटायची, माझ्या श्वासानं लेकराला काही झालं तर? या भीतीपायीच मी नवऱ्याची बाजू घेतली नाही. म्हणून म्हणते बायांनो, डॉक्टर सांगतात तेवढं भ्या, त्याच्यावर आपल्या पदरचं घालू नका.

ठरलं ते असं, की शेवटचा फोटो साफ आला की सोनू घरी येणार. एका फोटोवर माझं लेकरू टांगलेलं होतं.

माका

मधल्या काळात मी अधूनमधून खुटबावला जायची. अंगणाच्या या टोकाला मी, त्या टोकाला ओट्यावर आई आणि सोनू. मी हात हलवायची, सोनू हात हलवायची. पुढं पुढं ती माझ्या आईलाच आई म्हणायला लागली आणि मला काहीच म्हणेना. एकदा तिनं आईला विचारलेलं मी ऐकलं, "ती बाई का आली?"

परत येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. रडायचं म्हटलं तर खोकला यायचा, म्हणून रडणंही बेतानंच.

आणि केस गेले. ताप, उपास, अशक्तपणा, कशानं ते देवाला ठाऊक, पण फणी भरून निघायची. मनगटाएवढ्या वेणीचं उंदराचं शेपूट झालं. मी एकदा आरसा पालथा करून ठेवला आणि आत्यांना म्हणाले, "आता सोनू आली तरी धरणार काय?"

दुसऱ्या दिवशी आत्यांनी ओढ्याकाठनं माका उपटून आणला, वाटला, तेलात उकळला, घरभर वास. मग रोज दुपारी मला पुढ्यात बसवून डोकं चोळायच्या. ज्या दिवसांत बायका माझ्या हातचं पाणी घ्यायला कचरत होत्या, त्या दिवसांत आत्यांची दहा बोटं माझ्या केसांत असायची. त्यांचं म्हणणं एकच, "क्यास आलं की आजार ग्याला समज. आधी मुळं धरत्यात, मंग माणूस." आजारात मला कुणी तारलं असं विचारलं, तर गोळ्यांनी तारलं. पण गोळ्या घ्यावंसं वाटायला लावलं ते आत्यांनी.

केस आले. हळूहळू, मग भराभर. वजनही आलं. आत घेतलेले टाके मी उसवले.

शेवटचा फोटो

गोळ्यांचा कोर्स संपला. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "उद्या सकाळी फोटो काढून आणा." शिरूरलाच नवीन एक्स-रेची सोय झाली होती. दौंडला कोण जातंय?

सकाळी आत्या तेल-फणी घेऊन तयारच. मी म्हटलं, "आत्या, छातीचा फोटो आहे, तोंडाचा नाही."

"आगं, फोटो म्हंजी फोटो! आतला काय न् भायरला काय. शेवटचा हाय ना? मंग माणसानं नीट दिसाया पायजे." त्यांनी तेल चोपडलं, करकचून तीन पेडांची वेणी घातली, काळ्या दोऱ्यानं गाठ मारली आणि उजव्या खांद्यावरून पुढं सोडली. माझ्या लग्नाआधी दाखवायला काढलेल्या फोटोत होती अगदी तशी. दोन पावलं मागं सरून बघत म्हणाल्या, "आता कसं! फोटोत येणी दिसाया पायजे."

मला हसू आलं, बरंही वाटलं. मी तशीच गेले.

तिथल्या माणसानं मंगळसूत्र काढायला सांगितलं, वरून घालायला झगा दिला. बाहेर रांग होती. मी झगा घातला, त्यात वेणी आपोआप आत गेली. पाटीला छाती लावली. तो माणूस माझ्या मागं उभा, त्याला दिसणार माझी पाठ. श्वास घ्या, धरा, सोडा. झालं.

संध्याकाळी डॉक्टर फिल्म बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "उजवीकडं वर, जुन्या जागीच, थोडी सावली वाटतेय. मला खात्री वाटत नाही. तुमचा पहिला फोटो दौंडचा आहे ना? तिथंच परत काढा, शेजारी शेजारी लावून बघू देत त्यांना."

"आणि सावली असली तर?" ह्यांनी विचारलं.

"तर पुन्हा सुरुवात करावी लागेल. इंजेक्शनसकट."

घरी आलो. कुणी जेवलं नाही. पुन्हा सगळं, म्हणजे पुन्हा अंगणाच्या या टोकाला मी. तोवर सोनू मला पुरती विसरणार. मी ह्यांना म्हणाले, "आबांना कळवू नका." ते म्हणाले, "नाही कळवत." आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आत्यांच्या देखत त्यांनी माझा हात हातात घेतला.

चौफुला

ह्यांना रजा मिळेना, म्हणून आत्या आल्या. दोन्ही फोटो खाकी पाकिटात घालून मांडीवर घेतले होते. न्हावऱ्यावरून, पारगावला भीमा ओलांडून चौफुल्याला उतरलो. तिथून एका बाजूला खुटबाव, दुसऱ्या बाजूला दौंड. खुटबावकडं जाणारी गाडी आधी आली. मी तिच्याकडं बघत राहिले. आत्यांनी माझं मनगट धरलं आणि आमची गाडी येईपर्यंत सोडलं नाही.

शेखमामांनी मला ओळखलं. "आबा कसे हायेत? जाळी-बिळी विचारतात का अजून?" मग माझ्या तोंडाकडं पाहिलं. पाकीट घेतलं, पण उघडलं नाही. मला झगा दिला आणि सहज, रोज दहा जणींना सांगतात तसं म्हणाले, "वेणी वर बांध, बेटा. डोक्यावर गुंडाळ घट्ट. एक क्यास मानेवर नको."

मी गुंडाळली. श्वास घेतला. धरला. खट्. सोड.

ते अंधाऱ्या खोलीत गेले. आत्या बाकावर बसून माळेशिवाय जप करत होत्या. निथळती फिल्म घेऊन शेखमामा आले, पेटीवर लावली. शेजारी शिरूरची लावली, त्याच्या शेजारी पहिली, लोकरीची. आम्हाला जवळ बोलावलं.

नव्या फिल्मवर उजवीकडं वर काळं होतं. स्वच्छ काळं. कोपऱ्यात जुन्या जखमेची एक बारीक रेघ, बस्स.

"मग हे काय?" मी शिरूरच्या फोटोकडं बोट केलं. तिथं खांद्यापासून खाली पुसट पांढरा पट्टा उतरत होता.

शेखमामा काही बोलायच्या आधीच आत्या पेटीला नाक लावून बघत होत्या. पट्ट्याच्या कडेनं त्यांचं बोट हवेत खाली खाली सरकलं. एक वळण, दुसरं वळण, तिसरं.

"आगं बया!" आत्या म्हणाल्या. "इमल! ही तर माझी येणी!"

तिथं खरंच पेड दिसत होते. एकदा दिसले की मग दुसरं काही दिसेचना. दाट, तेलानं चोपडलेली, छाती आणि पाटीच्या मधे चेपून बसलेली वेणी. किरण तिथं थोडे अडले होते. किरणांना काय, फुफ्फुसातलं दुखणं आणि खांद्यावरची वेणी दोन्ही सारखीच.

"चांगल्या चांगल्यांना फसवते ही वेणी," शेखमामा म्हणाले. "तुमच्या डॉक्टरला शंका आली आन् त्यानं परत काढायला लावला, हे त्याचं शहाणपण. दुसरा असता तर त्यानं सरळ इंजेक्शनं चालू केली असती."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. मी हसायला लागले. आत्या मात्र मटकन बाकावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. "माझ्याच हातानं केलं गं. मीच म्हणले, येणी दिसाया पायजे. दिसली मेली!"

मी त्यांच्या पायाशी बसले. जे मनात होतं ते तसंच बोलले, कारण आमच्यात असं कुणी बोलत नाही आणि मला त्या दिवशी बोलायचंच होतं. "आत्या, पहिल्या फोटोत आजार दिसला. मधे तर माझ्या डोक्यावर काही नव्हतंच दिसायला. आता वेणी दिसतीय. तुम्हीच म्हणाला होता ना, केस आले की आजार गेला? तेच आलंय फोटोत. तुमचा माका आलाय."

आत्यांनी नाक पुसलं. थोडा वेळ फिल्मकडं बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पेड बाकी सारखं आल्यात न्हाई?"

डॉक्टरीणबाईंनी तिन्ही फोटो पाहिले, छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "जा. लेकीला घेऊन घरी जा."

अंगणाच्या पलीकडं

खुटबावला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आबा दारातच होते. मी पाकिटातून नवा फोटो काढून दिला. त्यांनी तो सूर्याकडं धरला, डोळे बारीक केले.

"काळं हाय."

"हाय आबा."

"म्हंजी सगळी पार झाली."

"सगळी."

आबांनी फोटो खाली घेतला नाही. तसाच वर धरून उभे राहिले. फोटोमागून त्यांचा आवाज आला, "पोरीला आण गं." तेव्हा मला कळलं, की इतके महिने तेही ओरडणाऱ्या दोघांच्या मधे उभे होते.

आईनं सोनूला अंगणात आणलं. मी गुडघ्यावर बसले, हात पसरले. सोनूनं मला पाहिलं आणि आईच्या लुगड्यामागं गेली. मी नाव घेतलं, बडीशेप दाखवली, शेखमामांनी दिलेली. ती एक डोळा बाहेर काढून बघायची आणि परत आत. तिचं काय चुकलं? मी म्हणजे लांबून हात हलवणारी बाई. लांबची बाई आज जवळ का आली, तिला कळेना. माझे पसरलेले हात दुखायला लागले, तरी खाली घेववेनात.

तेवढ्यात माझ्या डोक्यावर हात पडला. आत्या मागं येऊन उभ्या होत्या. फोटोसाठी गुंडाळलेले केस तसेच वर बांधलेले होते, मी विसरूनच गेले होते. आत्यांनी आकडे काढले. वेणी सोडली. उजव्या खांद्यावरून पुढं घेतली, शेपटा माझ्या मांडीवर ठेवला आणि चार पावलं मागं सरल्या.

सोनू बघत राहिली. मग लुगडं सोडून बाहेर आली. एक पाऊल, थांबली. आणखी एक. माझ्या तोंडाकडं तिनं पाहिलंच नाही. जवळ येऊन उभी राहिली, हात पुढं केला, काळ्या दोऱ्याच्या गाठीला बोट लावून बघितलं आणि शेपटा मुठीत धरला. धरला तो सोडेना. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, तिनं एक मोठी जांभई दिली आणि डोकं माझ्या छातीवर टेकवलं, उजव्या बाजूला.

"अडलं बघ कोकरू," आबा म्हणाले.

मी हलले नाही. मोठा श्वास घेतला आणि धरून ठेवला. मागून 'सोड' म्हणायला या वेळी कुणी नव्हतं.